काच नसलेली चौकट

सकाळपासून आठ शिपाई झाले होते. नववा खुर्चीत बसला, बंदूक गुडघ्यांवर आडवी घेतली, गळ्याशी काचणाऱ्या लोकरी कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि तिला विचारलं, "बाई, हसायचं का?" ती तेव्हा अंधारखोलीच्या दारात होती. "हसू नका, हलाल," एवढं म्हणून ती आत गेली. उत्तर तिनंच दिलं होतं, घसाही तिचाच होता. शब्द मात्र अण्णांचे, तिच्या वडिलांचे होते, त्यांच्यासारखेच तुटक, शेवटी दार लोटल्यासारखे. लाल दिव्याखाली ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग चौकट उचलली, बाहेर आली, कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवली, भिंगावरचं झाकण काढलं, आठ आकडे मोजले आणि झाकण लावलं. शिपाई दगडासारखा बसला होता. नऊ जणांत सगळ्यांत चांगला बसणारा तोच. आत येऊन तिनं चौकट उघडली तर तीत काच नव्हती. काच चांदीच्या पाण्याच्या भांड्यात होती, तीन मिनिटांपूर्वी तिनंच बुडवली होती तिथं, आणि पाण्याखालून दुधट डोळ्यासारखी तिच्याकडे बघत होती.

चूक कोणाच्याही हातून होते. पण तिच्या हातून ही होत नाही. गेली कितीतरी वर्षं ती पासपोर्टचे, ओळखपत्रांचे, साखरपुड्यांचे फोटो काढत आली होती, आणि गिऱ्हाईक कमी होत चाललं तसा तिनं अण्णांचा लाकडी कॅमेरा माळ्यावरून खाली उतरवून काचेवरचे फोटो काढायला सुरुवात केली होती. जुन्या पद्धतीचे. काचेवर चिकट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवायची, अंधारातच चौकटीत बंद करायची आणि ओली आहे तोवर फोटो काढून, धुऊन मोकळं व्हायचं. वाळली की संपलं. लोकांना ही मौज वाटायची. आणि या शिपायांना तर ती हवीच होती, कारण त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीचं दिसायचं होतं. ते दरवर्षी एका रविवारी शहराबाहेरच्या माळावर जमत आणि एक जुनी लढाई पुन्हा लढत. तोच माळ, तोच ओढा, तेच बिगूल. सेनापती शाळेत इतिहास शिकवायचा आणि एखाद्या बटणावर चुकीचा शिक्का दिसला की पाच मिनिटं रागावून बोलायचा. दातांच्या डॉक्टरचे गुडघे दुखत, म्हणून त्याला पहिल्या गोळीला मरायची परवानगी होती. मग तो दुपारभर गवतात पडून राही आणि शेजारच्या प्रेताशी गप्पा मारी. तिला आधी त्यांचा राग आला होता. मेलेल्यांची सोंगं घेऊन हौस भागवणारी माणसं, असं ती आईजवळ म्हणालीही होती. पण काळ्या कापडाखाली डोकं घालून ती एकेकाला उलटं बघायला लागली, डोकं खाली, बूट वर, तेव्हा राग टिकला नाही. उलटा माणूस कोणाचंच सोंग घेऊ शकत नाही. त्याच्या तोंडावर जे असतं ते त्याचं स्वतःचं असतं, आणि या बहुतेकांच्या तोंडावर एक साधी इच्छा होती, की आपल्याला कोणीतरी नीट, वेळ देऊन बघावं.

नववा शिपाई लिफ्ट दुरुस्त करायचा. चाळिशीचा, रुंद पंजांचा, नखांच्या कडांत वंगण बसलेला. दादासारखा, तिच्या थोरल्या भावासारखा, तो कुठूनही दिसत नव्हता. हे तिनं स्वतःला बजावून सांगितलं. दादा सडपातळ होता, मान लांब, आणि वीस वर्षांचा होता. चाळिशीचा दादा कसा दिसला असता हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. फक्त प्रश्न तोच होता. "अण्णा, हसू का?" दादानं विचारलं होतं आणि अण्णा म्हणाले होते, "हसू नकोस, हलशील." याच खोलीत, याच छतातल्या काचेतून येणाऱ्या थंड उजेडात. दादाच्या अंगावर नवा करकरीत गणवेश होता, कॉलर मानेला सैल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याला जायचं होतं. अण्णांना त्याचं जाणं पसंत नव्हतं. घरात चार दिवस ते कोणाशी बोलले नव्हते. पण त्यांचा एक रिवाज होता, गिऱ्हाइकाचे फोटो फिल्मवर आणि घरच्या माणसांचे काचेवर, तेही पोरं हलायची थांबून मोठी झाल्यावरच, आणि तो त्यांनी रागातही मोडला नाही. ती तेव्हा अकरा वर्षांची. काच चौकटीत बसवायचं काम तिचं होतं, कारण तिची बोटं बारीक होती आणि काचेला कडेनंच धरावं लागतं. लाल दिव्यात बसून राहते म्हणून दादा तिला काजवा म्हणायचा. "ए काजव्या, माझा चेहरा नीट बसव हं चौकटीत," त्या दिवशी तो दाराबाहेरून म्हणाला होता.

तिनं काच चौकटीत घातलीच नाही. भांड्यात राहू दिली आणि रिकामी चौकट बंद करून अण्णांच्या हातात दिली. हे तिच्या मनात केव्हा आलं हे तिला पुढं कितीही आठवून सांगता आलं नसतं. पण आलं ते अगदी स्वच्छ, गणितासारखं आलं. फोटो निघाला नाही तर दादाला फोटोसाठी परत यावं लागेल. आई त्याला पत्रात लिहील, फोटो फसला, रजा घेऊन ये. माणूस अर्धं काम टाकून गेला की तो परत येतोच. आई स्वतः शिवणात सुई तशीच टोचून ठेवायची आणि म्हणायची, म्हणजे बसायची ओढ राहते. अकरा वर्षांच्या डोक्याला एवढा पुरावा पुष्कळ होता. अण्णांनी आठ आकडे मोजले. दादा हसला नाही, हलला नाही. चौकट आत परत नेताच तिनं भांड्यातली कोरी काच तीत सरकवून ठेवली. अण्णा आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि आले तेव्हा टॉवेलला हात पुसत भिंतीकडे बघून म्हणाले, "औषध नासलंय. नाही आला." दुसरा काढायला औषध नव्हतं, दुकानं बंद झाली होती, सकाळी गाडी होती. दादा म्हणाला, हरकत नाही, आल्यावर काढू. ती दाराआड उभी राहून मनातल्या मनात नाचली होती. तो नाच तिच्या अंगाला अजून आठवत होता. अंगाची आठवण मनाहून वाईट असते, ती कशीच पुसली जात नाही.

तीन पत्रं आली. चौथं सरकारी होतं आणि त्यात दादा मेला असं म्हटलेलं नव्हतं, तो सापडत नाही असं म्हटलं होतं.

भांड्यातली काच तिनं तशीच राहू दिली आणि बाहेर आली. लिफ्टवाला अजून तसाच बसला होता; त्याला कोणी हल म्हणून सांगितलं नव्हतं. शिपायांचा घोळका पलीकडच्या बाकावर चहा पीत होता. आपल्याला खोटं बोलता येईल, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. औषध नासलंय. वाक्य तयार होतं, घरातलंच होतं. पण ते जिभेवर येईना. ती म्हणाली, "माझ्याकडून काच घालायची राहिली. पुन्हा बसावं लागेल तुम्हाला." तो हसला, अंग सैल करून मान दोन्हीकडे मोडली आणि म्हणाला, "बसू की. मला कुठं लढाईवर जायचंय?"

बाकावरच्या सगळ्यांना हसू आलं. तीही हसली असावी. मग कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून ती गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच राहिली. कापडाला अण्णांच्या विडीचा वास कधीकाळी यायचा. आता तिच्याच केसांच्या तेलाचा येत होता. समोरच्या दुधी काचेवर लिफ्टवाला उलटा टांगलेला होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताचा विचार करत होती. मघाशी चौकट उचलली तेव्हा हाताला कळलं होतं. आता मागं जाऊन बघताना ते स्पष्ट होतं. काच असलेली चौकट वेगळी लागते, खालच्या कडेला जड, जराशी डुलणारी. रिकामी नुसतं लाकूड असते. हाताला कळलं होतं आणि डोकं दुसरीकडे होतं म्हणून तिनं ऐकलं नाही. पण अण्णांचे हात. तीस वर्षं त्या चौकटी उचलणारे, डोळे मिटून काचेची जाडी सांगणारे अण्णांचे हात. त्यांनी ती रिकामी चौकट तिच्याकडून घेतली, कॅमेऱ्यापर्यंत चार पावलं चालले, ती सरकवली, झाकण काढलं, आठ आकडे मोजले. पंचेचाळीस वर्षांत हा विचार तिला एकदाही शिवला नव्हता. आपण अण्णांना फसवलं, असंच ती धरून चालली होती. कापडाखाली गुदमरायला झालं तेव्हा ती बाहेर आली.

दुसरी काच चांगली आली. लिफ्टवाल्याचा चेहरा औषधाच्या पाण्यातून हळूहळू वर आला, आधी बटणं, मग कपाळ, मग डोळे. त्यानं वाकून बघितला. मग म्हणाला, हा आपला वाटत नाही, पण याला आपण ओळखतो. वार्निश वाळल्यावर चार दिवसांनी घेऊन जा, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. राहिलेले तीन शिपाई उरकले. दातांचा डॉक्टर शेवटचा होता. त्याला डोळे मिटून, मेलेला असा फोटो हवा होता. तिनं नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही.

ती आईसह स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. आई पंच्याऐंशीची. दुपारच्या जेवणानंतर ती खिडकीजवळ बसून शेंगा सोलत असे, शेंगा नसल्या तर लोकरीचे जुने गुंडे उलगडून पुन्हा गुंडाळत असे. भिंतीवर दादाचा एकच फोटो होता, शाळेतला, नऊ वर्षांचा, तोही चाळीस मुलांतून कापून मोठा केलेला. त्यात कानाशी शेजारच्या मुलाचा खांदा आला होता. बाकी काही नाही. या एका गोष्टीवरून आईनं अण्णांना जन्मभर बोल लावला. भांडण म्हणून नाही. मीठ कमी पडल्यासारखं, येता-जाता. "साऱ्या गावाची तोंडं काढली ह्यांनी, पोटच्या पोराचं तेवढं जमलं नाही." पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना पेज भरवतानासुद्धा. अण्णा ऐकून घ्यायचे. त्या दिवसानंतर त्यांनी काचेला हात लावला नव्हता, कॅमेरा माळ्यावर टाकला होता, आणि आईनं तर कुठल्याच कॅमेऱ्यापुढं बसायचं सोडून दिलं होतं. मुलाचा नाही आला तर माझा कशाला, म्हणायची. सरकारी कार्डापुरता तो काढावा लागला, तेही दुसऱ्या दुकानात जाऊन. अण्णांना हे किती लागलं असेल! त्यांना जाऊन आता सोळा वर्षं झाली होती. आणि या सगळ्या काळात ती, काजवा, दोघांच्या मधे ताटं वाढत होती. सांगायचं नेहमीच ठरलेलं असायचं. अण्णांच्या साठीनंतर, मग अण्णा आजारी पडल्यावर, मग बरे झाल्यावर. मग ते बरे झाले नाहीत. नंतर वाटलं, आता आईला सांगून कोणाचं भलं होणार आहे. माणूस आपल्या भित्रेपणाला दयेचा कोट घालतो आणि तो त्याच्या अंगाला इतका बसतो की पुढं त्याला तो काढवत नाही.

त्या दुपारी तिनं आईसमोर बसून एक शेंग उचलली आणि सोलता सोलता सांगून टाकलं. काही सजवलं नाही. मी काच घातलीच नव्हती, तो परत यावा म्हणून. आईचे हात थांबले नाहीत. चार-पाच शेंगा झाल्या. तिला वाटलं, आईला ऐकू गेलं नाही, पुन्हा सांगावं लागेल, आणि पुन्हा सांगायचं बळ आपल्यात नाही. मग आई म्हणाली, "कॉलर सैल होती त्याची. मागून मी दोन टाके घातले होते. फोटोत दिसू नयेत म्हणून आतल्या बाजूनं."

"हो," ती म्हणाली. तिला टाक्यांचं ठाऊक नव्हतं.

"फोटो नाही म्हणून मी रोज आठवायची. रोज. आधी कॉलर, मग हनुवटी, मग वर. एखाद्या दिवशी नाक यायचं नाही. मग जेवण गोड लागायचं नाही." आईनं पुढची शेंग घेतली. "फोटो असता तर तो टांगून मोकळी झाले असते."

हे बोलणं माफीचं होतं की उलटं, हे तिला कळेना. आईनं सालं गोळा केली, ओच्यातून ताटात टाकली. मग तिच्या तोंडाकडे पहिल्यांदा नीट बघत विचारलं, "ह्यांना कळलं असणार ना? हात किती जाणते होते ह्यांचे."

तिला खोटं बोलायचं होतं. एकदा तरी, या घरात, कोणाच्या तरी उपयोगी पडणारं खोटं. पण आईचे डोळे तिच्यावर होते. "कळलं असणार," ती म्हणाली. "मलाही आजच कळलं."

"आणि बोलले नाहीत."

"नाही."

आई उठली, भिंतीला धरत आत गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. ती रडली, पण ते रडणं दादासाठीचं नव्हतं. दादासाठीचं या घराला पाठ होतं, त्याचा सूर वेगळा असायचा. हे दुसरंच होतं, नवं. मधेच एक वाक्य ऐकू आलं, तिला उद्देशून नव्हतं: "तुम्ही एकदा म्हणायचं होतं मला, गप्प बस म्हणून." दारात उभं राहून ते ऐकताना तिला पहिल्यांदा समजलं की तिनं दादाचा फोटो घालवला ही गोष्ट लहान होती. तिनं या बाईचा नवरा तिच्यापासून तोडला होता, आणि तो घरातच असताना.

तीन दिवस आई तिच्याशी बोलली नाही. जेवली, औषधं घेतली, पण बोलली नाही. ती स्टुडिओत बसून शिपायांच्या काचांना वार्निश लावत राहिली. बारा जणांचे बारा चेहरे ओळीनं भिंतीला टेकले होते, आणि कोणी म्हणालं असतं की हे सगळे सव्वाशे वर्षांपूर्वी मेले, तर खरं वाटलं असतं. त्यांच्यात जागा करून तेराव्याला बसवायचा प्रयत्न तिनं केला. कॉलर, मग हनुवटी, मग वर. आईच्या क्रमानं. तिला टाके दिसले, जे तिनं कधी पाहिलेच नव्हते; चेहरा आला नाही. दाराबाहेरचा आवाज तेवढा आला. आईनं रोज उठून हे केलं होतं, पंचेचाळीस वर्षं, आणि आपण एकदाही केलं नव्हतं. आपण फक्त त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलो. दादाची आठवण म्हणून आपण आयुष्यभर आपल्याच अपराधाला कुरवाळलं. हे कडू होतं, पण त्यात कुठंतरी दादाची हाकही होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतकी जवळ की तिनं हातातली काच खाली ठेवली. तो असता तर पासष्ट वर्षांचा असता. जिन्यानं दमला असता. तिला त्याचा तो दमलेला श्वास ऐकावासा वाटला, एकदाच, शेजारच्या खोलीतून का होईना.

चौथ्या दिवशी सकाळी लिफ्टवाला आपली काच न्यायला आला, साध्या शर्टात, हातात अवजारांची पिशवी. ती काच कागदात गुंडाळत होती तेवढ्यात मधलं दार उघडलं आणि आई आली. अण्णा गेल्यापासून आई स्टुडिओत आली नव्हती. तिनं केस विंचरले होते आणि कपाटातलं चांगलं, घडीच्या खुणा असलेलं लुगडं नेसली होती. लिफ्टवाल्याकडे तिनं पाहिलं, गुंडाळायची राहिलेली काच बघायला मागितली, उजेडात धरून बघितली. "चांगला आलाय," म्हणाली. "माझ्या मुलासारखा नाही दिसत." लिफ्टवाला म्हणाला, नाही आजी. मग आई कॅमेऱ्याजवळ गेली. त्याच्या लाकडावरून हात फिरवला, जसा गुरांच्या पाठीवरून फिरवतात, आणि जाऊन समोरच्या खुर्चीत बसली.

"काढ माझा," ती म्हणाली. "ह्यांच्या कॅमेऱ्यापुढं बसते. मला तेवढंच करता येण्यासारखं आहे आता."

अडचण एकच होती. आईची मान गेली तीन-चार वर्षं हलायची. थोडीच, पण सतत, एखाद्या गोष्टीला नाही-नाही म्हणत असल्यासारखी. आठ आकड्यांत चेहऱ्याचा नुसता धूर होणार. जुन्या काळी फोटोवाले डोक्यामागं लोखंडी टेकण लावायचे; अण्णांचं होतं ते भंगारात गेलं होतं. तिनं काच तयार केली, भांड्यात बुडवली, तीन मिनिटं घड्याळात बघून थांबली, चौकटीत घातली. चौकट घेऊन बाहेर आली. कापडाखालून आई उलटी दिसली, मान हलत होती, आणि इतकं म्हातारं झालेलं माणूस आपण रोज बघूनही पाहिलं नव्हतं असं तिला वाटलं. तिनं कापडातून डोकं काढलं, चौकट कॅमेऱ्यात सरकवली आणि लिफ्टवाल्याला म्हणाली, जरा मदत कराल का. झाकण असं काढायचं, आठ मोजायचे, घाई करायची नाही, असं लावायचं. त्यानं हात विजारीला पुसले आणि एखाद्या अडकलेल्या लिफ्टपुढं उभा राहावा तसा कॅमेऱ्यापुढं उभा राहिला.

ती आईच्या मागं गेली. दोन्ही तळव्यांत आईचं डोकं धरलं, कानांच्या वर, हलकेच. केस कापसासारखे होते आणि खाली कवटी, तिला वाटलं होतं त्याहून लहान आणि गरम. आधी ते थरथरणं तिच्या हातांत आलं, मग कोपरांपर्यंत गेलं, मग थांबलं. फोटोत आपले हात येणार, कदाचित पोटही येणार, चेहरा नाही, हे तिला ठाऊक होतं. लिफ्टवाल्यानं झाकण काढलं. तो मोठ्यानं मोजत होता, हळू, शाळेतल्या मुलासारखा. पाचाला आईनं श्वास सोडला. सातानंतर तो जरा थांबला, चुकू नये म्हणून, आणि आठ म्हणून त्यानं झाकण लावलं.

"झालं, आजी."

तिनं हात काढायला घेतले. आईनं वळून पाहिलं नाही. "राहू दे गं जरा," ती म्हणाली. "मानेला बरं वाटतंय."

काच वाळून फुकट जायला अजून चार मिनिटं होती. त्यातली तीन तिनं तिथंच उभं राहून घालवली.